गव्हाणचे हिरवे कॉलम

पनवेलजवळच्या एका लहान रेडीमिक्स प्लांटच्या लॅबमध्ये मी काम करते. लॅब म्हणजे एक जुना कंटेनर. त्यात काँक्रीटचे क्यूब, म्हणजे ठोकळे, फोडायचं मशीन, चाळण्या, वजनकाटा आणि बाहेर क्यूब बुडवून ठेवायच्या पाण्याच्या टाक्या. काँक्रीटची गाडी निघण्याआधी तिच्यातला माल ठरल्याप्रमाणे आहे की नाही हे बघायचं आणि नंतर त्याच मालाचे क्यूब फोडून ताकद तपासायची, हे माझं काम. खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, पण शेजारचा खडीचा क्रशर बंद, म्हणजे धूळ नसेल, तेव्हाच.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजला गेलेलं नव्हतं. वडील खडीच्या खाणीवर होते, आई गावातल्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. माणगावच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायला लावलं होतं. निवळी दुधासारखी झाली तेव्हा बाई म्हणाल्या, हा तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड. पुढे डिग्रीला सिमेंट शिकताना कळलं की चुनखडी भट्टीत भाजली की हाच वायू ढिगाने बाहेर पडतो आणि सिमेंट बनवायचं तर चुनखडी भाजावीच लागते. म्हणून आता काही ठिकाणी सिमेंट निम्म्यावर आणतात आणि उरलेल्याच्या जागी स्लॅग घालतात. स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीत वर येणारी मळी, थंड करून बारीक दळलेली. दिसायला मैद्यासारखी. भट्टीवाल्यांना ती नकोच असते. हे मला फार पटलं होतं. इतकं, की प्लांटवर आल्यावर मी भेटेल त्याला ते सांगायचे.

ऐकणारे कमी होते. उलव्यातल्या टॉवरवाल्यांना पर्यावरणाचं सर्टिफिकेट लागायचं, ते स्वतःहून मागायचे. पण गावठाणात स्वतःचं घर बांधणारा माणूस एकच वाक्य बोलायचा, "मॅडम, सिमेंट फुल टाका."

गव्हाणचे काका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनीही हे म्हणावं अशीच माझी अपेक्षा होती. साठीच्या पुढचे, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, जुनी स्कूटर. प्लांटच्या मॅनेजरने त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं. कंटेनरच्या दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "खाऱ्या वाऱ्यान टिकल असा काँक्रीट हाय का तुमचेकडं?"

मी त्यांना आत बसवलं. त्यांच्या घराण्याचं मिठागर होतं. त्यांचा जन्म त्याच्या बांधांवर गेला होता. तरुणपणी त्यांनी गावात पहिलं स्लॅबचं घर बांधलं. तेव्हा सगळेच खाडीची रेती वापरायचे, ती दारात मिळायची. त्या रेतीतल्या मिठाने आतलं लोखंड हळूहळू गंजवलं. वरून प्लॅस्टर, त्यावर रंग, दरवर्षी गणपतीला नवा हात. बाहेरून काही दिसायचं नाही. मग एका दुपारी काकी भाकऱ्या थापत असताना स्वयंपाकघराच्या छताचा मोठा तुकडा खाली आला. डोकं वाचलं, पण डाव्या हाताचं कोपर मोडलं. तो हात अजून पूर्ण सरळ होत नाही. त्या दिवसापासून काकी मागच्या पडवीत पत्र्याखाली चूल मांडतात. उन्हाळ्यात तिथे उभं राहवत नाही, तरी त्यांनी पुन्हा घरात रांधलं नाही. काकांनी अखेर ती पडवी तेवढी ठेवून जुनं घर पाडलं आणि नवीन बांधायला काढलं.

"तिला बोललो, नवीन घरान रांधशील. ती बोलते, तुमी पयले आत झोपा, मंग मी बगतंय."

मी त्यांना स्लॅगचं सांगितलं. काका ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "भट्टीची राख? आमी राख खाडीत सोडतो, बाय. तिचा घर नाय बांधत."

मला हसू आलं, पण ते गंभीर होते. मी समजावलं की ही राख नव्हे. ती सिमेंटसोबत मिसळली की काँक्रीट आतून जास्त घट्ट होतं आणि खारं पाणी लोखंडापर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो. खाडीजवळच्या पुलांना म्हणूनच ती घालतात. शिवाय सिमेंट निम्मं लागतं, म्हणजे भट्टीचा वायूही निम्म्याच्या आसपास वाचतो, हे मी नेहमीच्या उत्साहाने जोडलं.

"वायूचा तुमी बगा," काका उठत म्हणाले. "माझे घरातला लोखंड सडला नाय पायजे. तुमी शिकलेल्या, तुमचे शब्दावर घेतो."

गावठाणात तो माल पहिल्यांदाच जाणार होता आणि तो माझ्या शब्दावर जाणार होता.

घराचा ठेकेदार बेलपाड्याचा होता. बारीक मिशी, दोन फोन, आणि समोरच्या प्रत्येकाला शेठ म्हणायची सवय. कॉलम भरले त्या दिवशी मी साइटवर गेले. काकांनी नारळ फोडला, पंप सुरू झाला, माल चांगला बसला. पण स्लॅगचं काँक्रीट सुरुवातीला हळू घट्ट होतं, विशेषतः हवा थंड असली की. ठेकेदाराला साच्याच्या लोखंडी प्लेट्स काढून दुसऱ्या साइटवर न्यायच्या होत्या आणि मी थांबा म्हणत होते.

"मॅडम, काँक्रीट आहे का दही?" तो म्हणाला. "लागायलाच तयार नाही."

"दही हलवलं की मोडतं. थांबा."

"बघा शेठ," तो काकांकडे वळला, "आता मॅडम विरजण पण घालायला येणार."

काका हसले नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पुढे काय करायचा ते सांगा." मी सांगितलं की प्लेट्स निघाल्या की कॉलमना गोणपाट गुंडाळा आणि ते सतत ओलं ठेवा. साध्या काँक्रीटपेक्षा याला पाणी जास्त दिवस लागतं. काकांनी ते काम दुसऱ्या कोणाला दिलंच नाही. सकाळ-संध्याकाळ पाइप धरून स्वतः उभे राहायचे. ठेकेदार फोनवर सांगायचा, "शेठ कॉलमला अशी आंघोळ घालतात, जशी नातवाला घालतात."

आठवडाभराने त्याचाच फोन आला. या वेळी आवाजात मस्करी नव्हती. "मॅडम, या तुम्ही. कॉलम हिरवे पडलेत. शेठ तोडायला निघालेत."

मी पोहोचले तेव्हा अंगणात शेजारची चार-पाच माणसं जमली होती. एका कॉलमचं गोणपाट सोडून खाली टाकलेलं होतं आणि कॉलम खरंच हिरवा होता. शेवाळासारखा नाही, तर निळसर हिरवा, खाडीच्या संथ पाण्याचा रंग असतो तसा. मला त्यात नवल नव्हतं. स्लॅगमध्ये थोडं गंधक असतं, त्यामुळे ओलं आणि झाकलेलं असेपर्यंत असा रंग येतो. हवा लागली की तो जातो. पण हे मी काकांना आधी सांगितलेलं नव्हतं, कारण मला ते सांगण्याइतकं महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

"हवा लागली की जाईल रंग," मी म्हणाले.

"तुमीच बोललात, गोनपाट काडू नका," काका म्हणाले. "आता बोलता हवा लागू दे. नक्की काय करू?"

"रंगाने काही बिघडत नाही, काका. ताकदीला काही होत नाही."

"आनि मिठाचा?"

"कसलं मीठ?"

काकांनी कॉलमवरून नखाने थोडी पूड खरवडली आणि सरळ जिभेवर ठेवली. मग जमिनीवर थुंकले. "खारा हाय. जल्म गेला माझा मिठागरान. हिरवा पानी नि खारी चव, मना दोन्ही ओलखू येतात. तुमचे प्लांटान खाडीचा पानी घातलाय."

जमलेल्यांतलं कोणीतरी म्हणालं, "वायू वाचवायला गेले, घर घालवला."

मी सांगत राहिले की आमचं पाणी गोडं आहे, दर आठवड्याला तपासतो, रेतीही धुतलेली असते. हे सगळं खरं होतं. पण कॉलमवर मीठ कुठून आलं, याचं उत्तर मला सुचत नव्हतं, आणि काकांच्या जिभेवर संशय घ्यायची माझी हिंमत नव्हती. काका म्हणाले, काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरवाल्याला सांगितलंय, तो उद्या सकाळी येणार.

काकी पडवीतून चहा घेऊन आल्या होत्या. उजव्या हातात ट्रे, डावा हात कोपरात दुमडलेला. त्यांनी हिरव्या कॉलमकडे एकदा पाहिलं, ट्रे विटांच्या थरावर ठेवला आणि कोणाकडे न बघता म्हणाल्या, "म्हंजे मी भायेरच."

मला चहाचा कप उचलवला नाही. मी खाली पडलेलं गोणपाट उचलून बाजूला ठेवायला गेले. त्याची एक कड उन्हात वाळली होती आणि तिच्यावर पांढरी रेघ उमटली होती. घामाने भिजलेला काळा शर्ट वाळला की पाठीवर उमटते तशी.

"काकी, याला पाणी कुठलं मारता?" मी विचारलं.

"बोरिंगचा. दुसरा कुटला मारनार? नलाला एक दिसाआड पानी येते, त्यो प्यायला पन पुरत नाय."

"आनि त्यान काय झाला?" काका म्हणाले. "भांडी, कपरे, सगला त्यानच होते."

"पिता का तुमी तो?" काकी म्हणाल्या.

काकांनी कोपऱ्यातल्या पाइपाचं तोंड उचललं, नळ सोडला, ओंजळीत पाणी घेऊन तोंडात घेतलं. काही क्षण तसंच धरलं आणि थुंकून टाकलं. त्या बोरिंगचं पाणी खारट आहे हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच ते पीत नव्हते. पण कॉलमला पाणी मारणं हे त्यांच्या लेखी अंगण शिंपडण्यासारखं काम होतं, आणि अंगण शिंपडायला कोणी पिण्याचं पाणी वापरत नाही. मीही सतत ओलं ठेवा एवढंच सांगून निघाले होते. कुठल्या पाण्याने, हे माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

ठेकेदाराला राहवलं नाही. "शेठ, मिठागर गेलं म्हणून घरीच मीठ पिकवलंत?"

"तू गप ऱ्हा," काकी म्हणाल्या, पण त्यांच्या तोंडावर थोडं हसू होतं. जमलेली माणसं हसत हसत पांगली.

काका मात्र हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "मीठ माझाच, कबूल. पन तो आत गेला का नाय? तोडायचा का ठेवायचा, ता सांग."

प्रश्न बरोबर होता आणि उत्तर मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. मी म्हणाले, तपासून बघावं लागेल, ब्रेकरवाल्याला थांबवा. काका म्हणाले, "त्यो येनार. तो यायचे आत तू सांग."

ठेकेदाराने ड्रिल मशीन आणलं. सगळ्यात मागच्या कॉलमला, सळ्यांची जागा सोडून, आम्ही भोकं पाडली. वरच्या थराची पूड एका पिशवीत, बोटभर आतली दुसऱ्या पिशवीत. काका शेजारीच उभे होते. मी पिशवी बंद करणार तोच त्यांनी हात पुढे केला. त्यांना काही सांगून उपयोग नव्हता. त्यांनी वरची पूड जिभेला लावली. "ही खारी." आतली लावली आणि तोंड वाकडं केलं. "ही खारी नाय. नुसता चुना खाल्ल्यासारखा भाजतंय." काकींनी तांब्याभर पिण्याचं पाणी त्यांच्या हातात दिलं आणि चूळ भरेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

प्लांटवर परत येऊन मी आणि माझ्या सिनियरने दोन्ही पुडी पाण्यात ढवळून, गाळून तपासल्या. सोबत मी बोरिंगचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. मीठ असलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की ते पांढरं होतं. बोरिंगच्या पाण्याचं एका थेंबात ताक झालं. वरच्या पुडीच्या पाण्यातही ढग उठले. आतल्या पुडीचं पाणी अगदी किंचित धुरकट झालं, आमच्या नेहमीच्या नमुन्यांइतकंच. सिनियरने नीट मोजमापही करून घेतलं. मग आम्ही घराच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला फोन लावला. त्याने आकडे ऐकले, थोडे प्रश्न विचारले आणि म्हणाला, ठेवा. गोड्या पाण्याने भरपूर धुवा आणि पुढचं सगळं पाणी गोडंच मारा.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा ब्रेकरवाला कंप्रेसरची गाडी गल्लीत लावून विडी ओढत बसला होता. काका ओट्यावर होते. मी तपासलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. मीठ वरवर आहे. आत पोहोचलेलं नाही. दिवस थोडेच गेलेत, म्हणून ते पोहोचलं नसेल, किंवा स्लॅगने अडवलं असेल. दोन्हीतलं कशामुळे किती, हे मी सांगू शकत नाही. पण इथून पुढे खारा वारा येतच राहणार आहे आणि त्याला अडवायला हाच माल चांगला, हे मात्र मी खात्रीने सांगते.

"तुझा घर असता तर?" काकांनी विचारलं.

मला शाळेतल्या स्वयंपाकखोलीत उभी असलेली आई आठवली. तिच्या डोक्यावर जे छत होतं ते कोणी, कशाने बांधलं, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं. विचारता येतं हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "ठेवलं असतं."

काका पडवीकडे वळून म्हणाले, "ऐकलास? तू बोल आता. रांदायचा तुला हाय."

काकी बाहेर आल्या. पदराला हात पुसले आणि त्या हिरव्या कॉलमला तळवा लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी काही बोलणार होते, पण ठेकेदाराने डोळ्यांनीच नको म्हणून खुणावलं.

"ठेवा," काकी म्हणाल्या. "पन माझे जेवनाचे खोलीन वरती पलस्तर नको. रंग पन नको. त्या घरान वरून सगला चांगला दिसायचा. आतून काय चाललंय ता मना दिसला पायजे."

ब्रेकरवाल्याला चहा दिला आणि परत पाठवलं. गोड्या पाण्याचा टँकर ठरला. काकांनी बोरिंगच्या नळाला कापड बांधून टाकलं, म्हणजे सवयीने कोणी पाइप लावू नये. पुढे गोणपाट काढायची वेळ आली तेव्हा ते रोज एक चक्कर मारून कॉलमचा रंग बघायचे आणि मला फोन करायचे. आधी कडा राखाडी झाल्या, मग वाऱ्याच्या बाजूचे कॉलम, आणि सगळ्यात शेवटी जिन्याखाली येणारा. त्याच्या खालच्या भागावर हिरवी छटा बराच काळ टिकली. ठेकेदार येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायचा आणि मी त्याला सांगितलेलं गंधकाचं कारण स्वतःचं असल्यासारखं समजावून सांगायचा.

स्लॅबच्या वेळी प्लेट्स मी सांगितल्याशिवाय निघाल्या नाहीत. दह्याचा विषय तेव्हाही निघाला. स्वयंपाकघरासाठी ठेकेदाराने नव्या प्लेट्स आणल्या, म्हणजे प्लॅस्टर नसलं तरी खालचं अंग गुळगुळीत दिसावं. तरी पुढे टाइल बसवायला आलेल्या कारागिराने काकांना तीनदा विचारलं की हे एवढंच छत अर्धवट का सोडलं, पैसे संपले का. काकांनी त्याला काकींकडे पाठवलं. तो पुन्हा विचारायला आला नाही.

घरभरणीला मी गेले होते, पण त्या दिवशी सगळा स्वयंपाक मांडवात होता. त्यामुळे काकी आत रांधतात का ते कळलं नाही. नंतर एकदा त्या बाजूच्या साइटवर गाडी गेली होती, तेव्हा मी सहज डोकावले. मागची पडवी तशीच होती. तिच्यात आता जळण आणि सायकल होती. काकी आत ओट्याशी उभ्या राहून तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. डावा हात जेमतेम आधाराला, सगळं काम उजव्याने. एक भाकरी तव्यावर गेली की मान वर करून छताकडे एक नजर, मग पुढचा गोळा. त्या असं करतात हे त्यांच्या लक्षातही नसावं. छत उघडं, राखाडी, प्लेट्सच्या सांध्यांच्या सरळ रेघा असलेलं.

मला पाट दिला, ताटात भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण आलं. मी पहिला घास घेतला आणि माझीही मान वर गेली.

"तू कशाला बगतंस?" काकी म्हणाल्या. "तुझाच माल हाय ना?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि अजून एक भाकरी माझ्या ताटात टाकली.